खपली उलटून बघा: पंखांचा आणि मुखवट्यांचा रंग पुन्हा पुन्हा का निघतो

२६ जानेवारीची सकाळ, नाशिक, साडेसातची वेळ. शाळेच्या मैदानावर माझी भाची जटायू होऊन उभी होती. पंख मी केलेले, डोंबिवलीहून गाडीच्या मागच्या सीटवर आडवे घालून नेलेले. झेंडावंदन झालं, चित्ररथ पुढे सरकला, तिसरीतल्या रावणाने पुठ्ठ्याची तलवार उगारली, जटायूने पंख पसरले आणि दोन्ही कोपरांच्या घडीतून तपकिरी रंगाचे पापुद्रे पापडाच्या चुऱ्यासारखे खाली पडले. भाची नंतर म्हणाली, "मावशी, तसाही रावण पंख कापतोच ना! बाईंना वाटलं तू मुद्दाम केलंस."

बाईंना काय वाटलं ते राहू दे. त्याच पंखांचा रंग त्याच घडीत निघायची ही तिसरी वेळ होती. पहिल्या वेळी मी गेलेल्या जागी पुन्हा रंग लावला. दुसऱ्या वेळी रंगाखाली पांढरा प्रायमर आणि वरून चकचकीत वॉर्निशचे दोन हात दिले, म्हणजे अधिक मजबूत होईल. तिसऱ्या वेळी दुप्पट खपल्या पडल्या. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी फोम, कागद, कापड, दोरा, पिसं, तार असं हाताला लागेल ते एकत्र करून पोशाख करणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांना हा प्रश्न छळतो. मुकुट, गदा, मुखवटा, चिलखत, पंख, वस्तू कुठलीही असो, तक्रार एकच असते: "रंग निघतो." आणि उपायही सगळे एकच करतात, वरून आणखी रंग.

नाशिकहून परत आल्यावर उरलेला सैल रंग काढून टाकावा म्हणून मी पंखाला आणि जटायूच्या कागदी लगद्याच्या चोचीला रुंद सेलोटेप चिकटवली आणि ओढली. टेपला खपल्या चिकटून आल्या, उलट्या. म्हणजे रंगाची जी बाजू मी कधी पाहिलीच नव्हती ती पहिल्यांदा समोर आली. एका पट्टीवरच्या खपलीची पाठ काचेसारखी गुळगुळीत होती. दुसऱ्या पट्टीवर, चोचीजवळच्या, खपलीच्या पाठीला कागदाचा भुगा लागलेला. घडीतल्या पट्टीवर खपलीचेच दोन थर वेगळे दिसत होते. मी एकच आजार समजत होते, ते तीन होते. चौथा पुढे खांद्याच्या पट्ट्यावर सापडला, तिथे खपलीच नव्हती, नुसता चिकटपणा.

तेव्हापासून माझा नियम आहे की, ब्रश हातात घ्यायच्या आधी खपली उलटायची. टेपच्या पट्ट्या मी तारखेसकट एका वहीत चिकटवून ठेवते. घरचे त्या वहीला 'मावशीचं रोगनिदान' म्हणतात.

पाठ गुळगुळीत असेल तर

रंगाचा अख्खा कातडा सोलून निघतो, पाठ स्वच्छ, आणि खालचा फोम जसाच्या तसा कोरा. याचा अर्थ रंग चांगला आहे, पण तो फोमला कधी चिकटलाच नव्हता, फक्त वर पसरून बसला होता.

२०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली तेव्हापासून आपल्यापैकी पुष्कळ जण फोम शीटकडे वळले. तो ईव्हीए फोम. त्याच्या आतली छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात, त्यामुळे पुठ्ठा किंवा कापड जसा रंग पिऊन घेतं तसा हा पीत नाही. शिवाय बऱ्याच शीटवर कारखान्यातून आलेला बारीक बुळबुळीत थर असतो. बोट फिरवलं तर साबणाची वडी चाचपल्यासारखं लागतं. आपण सरळ त्यावर रंग लावतो.

काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. भांड्याच्या साबणाच्या पाण्याने पुसायचं, कोरडं झाल्यावर स्पिरिटने एकदा पुसायचं. मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने तकाकी मोडायची. धूळ झटकायची. मग हीट गन, वीतभर अंतरावरून, एका जागी न थांबता. फोमचा पृष्ठभाग डोळ्यांसमोर बदलतो, किंचित तुकतुकीत होतो आणि कापलेल्या कडांची उघडी छिद्रं मिटतात. हा क्रम उलटा करू नका. मी पहिल्यांदा आधी गरम केलं आणि मग घासलं, म्हणजे मिटवलेली छिद्रं स्वतःच्या हाताने पुन्हा उघडली. हेअर ड्रायरने हे होत नाही, तेवढी उष्णता त्यात नसते. आणि हीट गन चालवताना खिडकी उघडी हवी, स्पिरिटची बाटली दुसऱ्या खोलीत. पुसलेलं स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत हीट गनचं बटण दाबायचं नाही.

आता पांढऱ्या गोंदाबद्दल. (आपण सगळ्या पांढऱ्या गोंदांना एकाच ब्रँडच्या नावाने हाक मारतो, तोच.) परदेशातल्या व्हिडिओंमध्ये फोमवर प्रायमर म्हणून पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदाचे चार-पाच हात द्यायला सांगतात. मीही दिले. कोरड्या, थंड हवेत तो छान वागत असेल. पण हा गोंद वाळला तरी ३० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि पाणी लागलं की पुन्हा फुगतो. आपल्याकडे मे महिन्यात घरातच ३० च्या वर असतं, आणि पोशाखाच्या आत, मानेशी, काखेशी तर घामाची धार. जुलैमध्ये माझ्या एका चिलखताची गळ्याजवळची कड दुधासारखी पांढरी होऊन सुटली ती याच थरातून. खपलीची पाठ गुळगुळीत होती, पण बोटाला जराशी बुळबुळीतही लागत होती. ही खूण लक्षात ठेवा.

त्याऐवजी मी कापडावर रंगवण्यासाठी मिळतं ते ॲक्रिलिकचं फॅब्रिक मिडियम वापरते. पातळ हात, वाळू द्यायचं, दुसरा पातळ हात. मोठं काम असेल तर गच्चीवर मारायचा लवचीक वॉटरप्रूफिंग कोटही चालतो, तोही बहुतेकदा ॲक्रिलिकच असतो आणि भिंतीच्या हालचालीबरोबर ताणला जावा म्हणूनच बनवलेला असतो. फक्त तो अंगाला लागणाऱ्या बाजूला लावायचा नाही, तिथे कापडाचं अस्तर.

पाठीला कागद लागून आला असेल तर

इथे रंग निर्दोष आहे. त्याने इतकं घट्ट धरलं की खालचा कागदच उपटून आणला. दोष लगद्यात.

माझा नरसिंहाचा मुखवटा हे याचं उत्तम, म्हणजे वाईट, उदाहरण. सोसायटीच्या गणपतीतल्या कार्यक्रमासाठी ऑगस्टमध्ये केला. वर्तमानपत्राचा लगदा, मैद्याची खळ, थोडा पांढरा गोंद, खडूची पूड. आयाळ जाड दिसावी म्हणून कपाळावर लगद्याचा बोटभर थर दिला. चार दिवसांनी वरून खडखडीत वाटला, रंगवला. दहाव्या दिवशी नाकाच्या बाजूने रंगाचा फोड आला. फोड दाबला तर आत ओल, आणि वास असा की नरसिंहाला खांबातून नव्हे, तळघरातून बाहेर काढल्यासारखं वाटावं.

जाड लगदा बाहेरून वाळतो आणि स्वतःचंच झाकण बनतो. आतलं पाणी अडकतं. त्यावर रंग म्हणजे दुसरं झाकण. मग ते पाणी जिथे जागा मिळेल तिथे रंग ढकलून बाहेर येतं, आणि जिथे नाही तिथे बुरशी. मुंबई-ठाण्याकडे पावसाळ्यात हवेतच इतकी आर्द्रता असते की 'चार दिवस वाळवा' या वाक्याला अर्थ उरत नाही. जानेवारीतले चार दिवस वेगळे आणि ऑगस्टमधले वेगळे.

म्हणून दिवस मोजणं मी सोडलं आणि वजन करायला लागले. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. मुखवटा रोज एकाच वेळी तोला, आतल्या बाजूला पेन्सिलीने ग्रॅम लिहा. आकडा रोज उतरत जाईल. लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा हलला नाही की लगदा त्या हवेत जितका वाळायचा तितका वाळला. काटा नसेल तर मुखवटा गालाला लावून बघा, आत ओल असेल तर गार लागतो. गालाचा अंदाज चुकू शकतो, काट्याचा सहसा नाही.

बाकीचं असं. एका वेळी लगद्याचा थर ४-५ मिलिमीटरहून जाड नको. जाडी हवी असेल तर आत कागदाचे चुरगाळलेले गोळे मास्किंग टेपने बांधून आकार उभा करा आणि लगद्याची फक्त कातडी द्या. पंखा सतत चालू हवा, आणि मुखवटा पाटावर न ठेवता जाळीवर, म्हणजे पोटातूनही हवा लागेल. मैद्याच्या खळीऐवजी चिंचोक्याची खळ वापरली तर तिची पकड कोरडी आणि कणखर येते. सावंतवाडीच्या गंजिफांसाठी (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांसाठी) चितारी मंडळी कागदाला चिंचोक्याची खळ आणि खडू यांचंच अस्तर देत आली आहेत आणि वरून लाखेचं कवच. मात्र कुठलीही खळ शेवटी अन्नच आहे, बुरशीच्या दृष्टीने मैदा काय आणि चिंचोका काय. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात हे ऐकून तोंडावर चढवायच्या मुखवट्यात ते घालू नका. ते विषारी आहे, आणि घामाने ओलं झालेलं कातडं तासभर त्याला चिकटून राहणार.

रंग दोन्ही बाजूंनी लावायचा, हे मला फार उशिरा कळलं. आपण बाहेरून तीन हात देतो आणि आतला कागद उघडा सोडतो. मुखवट्याच्या आत माणूस श्वास सोडतो, बोलतो, गातो. ती सगळी वाफ मागून कागदात शिरते आणि रंगाला बाहेर ढकलते. पूर्ण वाळल्यावर आतूनही ॲक्रिलिक मिडियमचे दोन हात द्या आणि कपाळाला, गालाला टेकतं तिथे सुती कापडाची गादी लावा, धुता येईल अशी.

इथे एक विषयांतर. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा, म्हणजे आदिवासींचा सोंगांचा उत्सव, मुखवटे चढवून नाचतो तो उन्हाळ्यात. कोकणातल्या दशावतारी मंडळींचा हंगाम भातकापणीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या आधी संपतो, मग पेटारा बंद. या लोकांना आर्द्रता वगैरे शब्द कुणी शिकवले नव्हते, पण कागद, रंग आणि पावसाळा यांची गाठ त्यांनी पडू दिली नाही. आपण मात्र श्रावणात मुखवटे करायला घेतो कारण कार्यक्रम भाद्रपदात असतो. गोव्यातले नरकासुर करणारे सगळ्यात सुखी. त्यांचा राक्षस एक रात्र टिकला की पुरे, पहाटे जाळायचाच असतो.

बुरशी आधीच आली असेल तर? काळे ठिपके वरवर असतील तर बाहेर गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, ते खरवडून काढा, स्पिरिटने पुसा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा. ठिपके लगद्याच्या आत गेले असतील तर तेवढा भाग कापून काढून नवा भरा. वास जात नसेल तर मुखवटा टाका. नरसिंहाचा मी टाकला. आठवडाभर मन लागलं नाही, पण तो कुणाच्या नाकावर चढवायची माझी हिंमत नव्हती.

खपलीचेच दोन तुकडे झाले असतील तर

जटायूच्या घडीत हेच होतं. टेपवर रंग आणि त्याला चिकटलेला पांढरा थर, आणि उरलेला पांढरा थर फोमवर. म्हणजे मधला थरच मोडला होता. पंखाकडे नीट पाहिलं तर आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा, सगळ्या घडीला समांतर.

मी मजबुतीसाठी दिलेला पांढरा प्रायमर हा खरा गुन्हेगार. हा प्रायमर म्हणजे जेसो, खडूची पूड आणि ॲक्रिलिक. लाकडी पाटीवर, ताणलेल्या कॅनव्हासवर, कडक मुखवट्यावर तो उत्तम. पण वाकणाऱ्या फोमवर तो म्हणजे गोधडीवर घातलेली फरशी. वॉल पुट्टीची तीच गत, किंबहुना आणखी वाईट, कारण तिच्यात बहुधा सिमेंट असतं. भिंतीवरच्या लिप्पन कामासाठी (कच्छी आरसेकामासाठी) आणलेली पुट्टी उरली म्हणून गदेवर किंवा मुकुटावर थापणारे मी पाहिले आहेत. गदा चालते, ती वाकत नाही. मुकुट डोक्यावर बसवताना दर वेळी जरासा फाकतो आणि पुट्टी मागच्या बाजूने तडकते.

त्यावर मी चकचकीत वॉर्निशचे दोन हात चढवले होते. म्हणजे तळाला मऊ फोम, मध्ये ठिसूळ खडू, वर ताठ कवच. थर चढवताना वरचा थर खालच्यापेक्षा ताठ नको. किमान तितकाच लवचीक, शक्य असेल तर जास्त. आणि लवचीक रंगसुद्धा थंडीत ताठ होतो. ॲक्रिलिकची ही खोड आहे: उन्हाळ्यात चिकट, हिवाळ्यात कडक. डोंबिवलीत २५ अंशांत मी पंख वीस वेळा उघडमिट करून पाहिले होते, काही झालं नाही. नाशिकची जानेवारीतली सकाळ १० अंशांच्या आसपास असते आणि पंख रात्रभर गाडीतच होते. पहिल्याच फडफडीला खेळ संपला. आता थंडीत बाहेर न्यायची वस्तू मी आदल्या रात्री फ्रिजमध्ये तासभर ठेवते आणि वाकवून बघते. जटायूचा अख्खा पंख फ्रिजमध्ये मावत नाही हे खरं, पण त्याच थरांची वीतभर नमुनापट्टी मावते. पुढे तडकणारी पट्टी बहुतेक वेळा फ्रिजमध्येच तडकून दाखवते.

पण रंग लवचीक केला तरी घडीत तो कायमचा टिकत नाही. जी जागा शंभरदा दुमडणार तिथे कुठलाही रंग आज ना उद्या जाणारच. चौथ्या वेळी मी रंग सुधारण्याचा नाद सोडला आणि पंखाची रचना बदलली.

आधी पंख म्हणजे फोमचा एक सलग तुकडा, त्यावर पिसांच्या रेघा कोरलेल्या. आता पाया मांजरपाटाचा, दुहेरी, कोपराशी मोकळा. ते कापड शिवायच्या आधीच गडद तपकिरी रंगात बुडवून रंगवलं. कापडावर रंगाचा थर बसवायचा नाही, धाग्यात रंग मुरवायचा, मग तडकायला काही उरतच नाही. २ मिलिमीटरच्या फोममधून प्रत्येक पीस वेगळं कापलं, वेगळं रंगवलं, पूर्ण वाळल्यावर फक्त वरच्या टोकाशी चिकटवलं, आणि ओळी खालून वर लावत गेले, कौलं घालतात तशा. वरची ओळ खालच्या ओळीचं चिकटवलेलं टोक झाकते. पंख दुमडला की पिसं एकमेकांवरून सरकतात, वाकत नाहीत. घडीत आता फक्त कापड दुमडतं.

चिकटवायला चपला दुरुस्त करणारे वापरतात तो पिवळा रबराचा गम. दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, दहा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की जोडायचं. ओला असताना जोडला तर सुटतो, आणि अनेकांचं इथेच चुकतं. हाही खिडकी उघडी ठेवून, गॅस बंद करून. ग्लू गन मी पिसांसाठी सोडून दिली. उन्हात बंद गाडीत तिचा गोंद मऊ पडतो आणि पिसं हळूहळू घसरतात. चटकन सुकणारा सुपर ग्लू तर कापडावर नकोच. सुती कापडाशी त्याची प्रतिक्रिया इतक्या झपाट्याने होते की चटका बसतो. माझ्या मांडीवर त्याचा डाग अजून आहे.

पंखांत एकूण १८६ पिसं झाली. तीन शनिवार गेले. पण प्रत्येक पीस सुटं असल्यामुळे आता दुरुस्ती म्हणजे एक पीस काढून दुसरं लावणं.

खपली नाही, नुसतं चिकट लागतंय

खांद्याचे पट्टे मी रेक्झिनचे केले होते, चामड्यासारखे दिसावेत म्हणून. रंगवल्यावर आठवडाभर छान होते. तिसऱ्या आठवड्यात हाताला चिकटायला लागले, दुसऱ्या महिन्यात त्यावर धूळ, केस, लोकरीचे धागे. मला वाटलं दमट हवा. पंख्याखाली ठेवले, उन्हात ठेवले, टाल्कम पावडर लावली. दोन दिवस बरं, पुन्हा चिकट.

रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते द्रव्य हळूहळू बाहेर सरकतं आणि वरच्या रंगात शिरून त्यालाही मऊ करतं. म्हणजे तुमचा रंग वाळत नाही असं नाही, तो वाळलेला होता आणि खालून पुन्हा पातळ होतोय. ऊन दिलं तर हे उलट वाढतं.

दमट हवेचा चिकटपणा आणि हा, यांतला फरक ओळखायला वस्तू झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत तीन दिवस ठेवा. कोरडी निघाली तर दोष हवेचा होता, आणखी काही आठवडे मोकळ्यावर वाळू द्या. ॲक्रिलिक अर्ध्या तासात हाताला कोरडं लागतं पण आतून पक्कं व्हायला काही आठवडे घेऊ शकतं. तीन दिवसांनंतरही चिकटच असेल आणि खाली रेक्झिन असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. माझ्या मते रंगवायच्या कामात रेक्झिन वापरूच नये. रेक्झिन हवंच असेल तर ज्या रंगाचं हवं त्याच रंगाचं विकत घ्या, पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीत ढिगाने मिळतं. रंगवायचं असेल तर जाड कॅनव्हास किंवा निवारीची पट्टी. मी निवार वापरली, तिला मिडियम मिसळून रंग दिला आणि कडेने गोंड्याचा दोरा शिवला. दोन पावलांवरून ते चामडंच वाटतं.

साठवण हा याच्याच पोटातला प्रश्न. दोन रंगवलेल्या बाजू एकमेकींवर दाबून ठेवल्या आणि वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, तर मेच्या अखेरीस त्या एकजीव झालेल्या सापडतात. वर्तमानपत्रात गुंडाळलं तर अग्रलेख पंखावर उमटतो. (माझ्याकडे असं एक पीस आहे, त्यावर 'अर्थसंकल्प' उलटा वाचता येतो.) दोन थरांत बटर पेपर, बाहेरून जुनी सुती साडी, आणि टांगून ठेवणं सगळ्यात चांगलं.

सोनेरी रंगाचं वेगळं दुखणं

हे थोडक्यात. सोनेरी रंग निघत नाही पण काळपट-हिरवट पडतो, ते घाण नव्हे. स्वस्त सोनेरी पावडर आणि नकली वर्ख म्हणजे पितळच असतं, बारीक केलेलं. घाम लागला की तांब्याच्या भांड्यासारखं कळकतं. घासून काही होत नाही. अंगाला लागणाऱ्या दागिन्यांना अभ्रकापासून केलेले मोती-सोनेरी रंग वापरा, ते कळकत नाहीत. वर्खच हवा असेल तर वरून स्पिरिटमधल्या चपड्याचा, म्हणजे लाखेचा, हात द्या. पण चपडा ठिसूळ असतो, म्हणून तो फक्त न वाकणाऱ्या वस्तूला. मुकुटाच्या कळसाला चालेल, कमरपट्ट्याला नाही.

कार्यक्रम उद्या आहे आणि रंग आज निघाला

तेव्हा निदान बिदान ठेवा बाजूला. सैल खपल्या टेपने उचला, उभ्या राहिलेल्या कडा ब्लेडने कापून टाका. खपली गोंद लावून परत बसवायच्या नादाला लागू नका, गोंदाचा कडक ठिपका शेजारी नवी भेग पाडतो. उघड्या जागेवर त्याच छटेचं सुती किंवा सॅटिनचं कापड पिवळ्या गमने चिकटवा, कडेला लेस, गोटा, टिकल्या, जे घरात असेल ते. कात्रीने कापलेली कड झाकली गेली की ते ठिगळ न वाटता नक्षी वाटते. आणि जोडीने दुसऱ्या बाजूलाही तेच करा, जिथे काही झालेलं नाही तिथेही. फक्त एकीकडे असलेलं ठिगळ प्रेक्षकांना दिसतं.

जटायूचे नवे पंख या वर्षी पुन्हा नाशिकला जाऊन आले. घडीत काही झालं नाही. चोचीच्या टोकाशी मात्र नखाएवढी खपली उडाली आहे. काल टेप लावली. पाठीला कागद आहे. म्हणजे चोचीचा लगदा मी पुन्हा घाईने रंगवला होता, डिसेंबर होता तरी. वहीत चोचीचं शेवटचं वजन बघितलं, १४२ ग्रॅम, आणि त्याच्या आदल्या दिवशीचं १४६. आणखी दोन दिवस थांबायला हवं होतं.